दाब नॉर्मल, मग काचबिंदू कसा?

काचबिंदू म्हणजे डोळ्यातला दाब वाढणे, हे समीकरण आपल्याकडे इतके पक्के बसले आहे की दाब मोजला, तो ‘नॉर्मल’ निघाला, की रुग्ण निश्चिंत होतो, घरचे निश्चिंत होतात आणि कधीकधी डॉक्टरही निश्चिंत होतात. हे समीकरण अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यात काय दडले आहे याचा शोध जगभर चालू आहे आणि त्यात मेंदूभोवतीच्या पाण्याचे नाव वारंवार घेतले जात आहे. मी नेत्रतज्ज्ञ नाही, साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. पण काचबिंदूचा रुग्ण नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचण्याआधी बहुधा आमच्यासारख्यांच्याच दवाखान्यातून जातो, म्हणून हा विषय घेण्याचे धाडस करतो आहे.

निमित्त एका पत्राचे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी लिहिले आहे की, दोन वर्षांपासून ते काचबिंदूचे थेंब रोज रात्री टाकतात. पण उपचार सुरू होण्यापूर्वीसुद्धा त्यांच्या डोळ्याचा दाब १६ च्या वर कधी गेलेला नव्हता. आता पुण्याला असलेल्या मुलाने त्यांना मोबाईलवर एक मजकूर पाठवला आहे. काचबिंदू हा खरे तर डोळ्याचा आजार नसून मेंदूतल्या पाण्याचा आजार आहे, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा हे महागडे थेंब बंद करावेत काय, असा गुरुजींचा प्रश्न आहे.

उत्तर आधी देऊन टाकतो. गुरुजी, थेंब बंद करू नका. कारणे मात्र सविस्तर सांगावी लागतील, कारण तुमची शंका अगदी रास्त आहे आणि मुलाने पाठवलेला मजकूरही सगळाच खोटा नाही.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असते. अश्रूंशी त्याचा काही संबंध नाही. त्याचा वेग मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे एक थेंब जमायला साधारण वीस मिनिटे लागावीत इतका सावकाश. बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून हे पाणी बाहेर पडते आणि रक्तात मिसळते. मोरीच्या जाळीत कचरा अडकला की पाणी तुंबते, तसे या जाळीत अडथळा आला की डोळ्यातला दाब वाढतो. हा दाब मागच्या बाजूला, जिथून दृष्टीची नस डोळ्याबाहेर पडते तिथे जाणवतो. या नसेत दहा-बारा लाख सूक्ष्म तंतू असतात. ते हळूहळू मरू लागतात. आधी कडेची नजर जाते, समोरचे मात्र शेवटपर्यंत दिसत राहते. त्यामुळे रुग्णाला पत्ताच लागत नाही. मेलेले तंतू पुन्हा जिवंत होत नाहीत. मोतीबिंदूसारखे ऑपरेशन करून गेलेली नजर परत आणता येत नाही.

आता २१ हा आकडा आला कुठून ते पाहू. निरोगी माणसांच्या डोळ्यांचा दाब मोजला तर त्याची सरासरी पाऱ्याच्या १५ ते १६ मिलिमीटरच्या आसपास भरते. त्यावरून संख्याशास्त्राच्या नियमाने १० ते २१ हा ‘नॉर्मल’ पट्टा ठरवण्यात आला. हा गणिताचा हिशेब आहे, डोळ्याच्या नसेला विचारून आखलेली ही सीमारेषा नव्हे. जपानमधील ताजिमी शहरात चाळिशीपुढच्या लोकांची मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यात सर्वसाधारण प्रकारचा, म्हणजे उघड्या कोनाचा काचबिंदू ज्यांना होता, त्यांतील ९२ टक्के लोकांचा दाब २१ किंवा त्याहून कमी होता! जपानी लोकांत हे प्रमाण विशेष आहे हे खरे, पण असे रुग्ण आपल्याकडेही दुर्मीळ नाहीत. याच्या उलटही घडते. अमेरिकेत दाब जास्त पण नस शाबूत अशा लोकांवर लक्ष ठेवले गेले. २००२ सालच्या त्या अहवालानुसार उपचार न घेताही पाच वर्षांत शंभरातल्या नऊ-दहा जणांनाच काचबिंदू झाला. बाकीच्यांच्या नसांनी तो जादा दाब सहन केला.

ही गोष्ट नवीन आहे असेही नाही. डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र, ऑप्थाल्मोस्कोप, हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली बनवले आणि त्यानंतर सहा-सात वर्षांतच बर्लिनचे नेत्रतज्ज्ञ फॉन ग्रेफे यांनी दाब वाढलेला नसताना नसेत काचबिंदूसारखाच खड्डा पडलेले डोळे पाहून ठेवले होते. पुढे दाब मोजण्याची उपकरणे आली, आकडा हाती आला आणि सगळे आकड्याच्या मागे लागले. आकडा लिहायला सोपा असतो. नस पाहायला डोळ्यात औषध टाकून थांबावे लागते.

तर मग कमी दाबात नस मरते ती का? इथे मेंदूभोवतीच्या पाण्याचा संबंध येतो.

आपला मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू एका स्वच्छ पाण्यात तरंगत असतात. पाठ्यपुस्तकात त्याला प्रमस्तिष्क-मेरुद्रव असे जड नाव आहे. मेंदूज्वराचा संशय आला की पाठीत सुई घालून तपासायला काढतात ते हेच पाणी. मोठ्या माणसात ते एका वेळी दीडशे मिलिलिटरच्या आसपास असते, पण दिवसाला अर्धा लिटर नवीन तयार होते. म्हणजे दिवसातून तीनदा तरी ते पूर्ण बदलले जाते. आता दृष्टीची नस ही इतर नसांसारखी नाही, ती मेंदूचाच लांबवलेला भाग आहे. मेंदूची आवरणे उशीच्या अभ्र्यासारखी तिच्यावर थेट डोळ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत येतात आणि त्या आवरणांत मेंदूचेच पाणी असते. म्हणजे नस जिथून डोळ्याबाहेर पडते, तिथे एका बाजूला डोळ्याचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला मेंदूचे पाणी. मध्ये फक्त चाळणीसारखा एक पातळ पडदा, आणि त्याच्या छिद्रांमधून ते दहा-बारा लाख तंतू गेलेले.

शेतकऱ्याला हे लगेच समजेल. दोन वाफ्यांमध्ये एक बांध आहे. दोन्ही वाफ्यांत सारखे पाणी असले तर बांध जागच्या जागी राहतो. एका वाफ्यात पाणी जास्त झाले तर बांध दुसऱ्या बाजूला रेलतो. पण पहिल्या वाफ्यातले पाणी तेवढेच ठेवून दुसऱ्यातले कमी केले, तरीही बांध त्याच बाजूला रेलणार. समजा एकाच्या डोळ्यातला दाब १६ आणि मेंदूच्या पाण्याचा १२ आहे. फरक ४ चा. दुसऱ्याच्या डोळ्यातला दाबही १६, पण मेंदूच्या पाण्याचा ८ आहे. फरक दुप्पट झाला. दोघांच्याही कागदावर मात्र ‘१६, नॉर्मल’ असेच लिहिलेले असणार.

बांध उलट्या दिशेनेही रेलतो, आणि ते तर आम्हाला विद्यार्थिदशेतच शिकवलेले असते. मेंदूत गाठ झाली किंवा अन्य कारणाने तिथला दाब वाढला की नसेचे टोक डोळ्याच्या आत फुगून येते. काचबिंदूत तेच टोक मागे खचते, खड्डा पडतो. तेव्हा मेंदूच्या पाण्याचा दाब कमी असेल तर काचबिंदू होईल काय, ही शंका शास्त्रज्ञांना यावी यात नवल नाही.

अमेरिकेत २००८ साली एक शोधनिबंध आला. मेयो क्लिनिकमध्ये काही ना काही कारणाने पाठीतले पाणी तपासलेल्या हजारो लोकांची कागदपत्रे त्यासाठी चाळली गेली. त्यात काचबिंदूचे २८ रुग्ण सापडले. त्यांच्या मेंदूच्या पाण्याचा सरासरी दाब ९.२ होता, तर काचबिंदू नसलेल्या ४९ जणांचा १३. पुढे २०१० साली बीजिंगच्या डॉक्टरांनी मुद्दाम रुग्ण निवडून मोजमाप केले. नॉर्मल दाबाचा काचबिंदू असलेल्यांत मेंदूच्या पाण्याचा दाब सर्वांत कमी, साधारण साडेनऊ, असा त्यांना आढळला.

यात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांपुढच्या ४,७११ लोकांची डोळ्यांची आणि एकूण प्रकृतीची तपासणी झाली होती. त्या माहितीवरून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात, डोळा आणि मेंदू यांच्या दाबातील फरकाचे उघड्या कोनाच्या काचबिंदूशी नाते दिसल्याचे म्हटले आहे. अर्थात, खेड्यातल्या हजारो माणसांच्या पाठीत कोणी सुया घातल्या नाहीत. वय, वजन-उंचीचे प्रमाण आणि खालचा रक्तदाब यांवरून एका सूत्राने मेंदूच्या पाण्याचा दाब अंदाजाने काढला गेला. या सूत्रात वय वाढले की उत्तर कमी येते, आणि काचबिंदू तर वयाबरोबर वाढतोच. त्यामुळे या निष्कर्षाकडे मी आदराने पण जरा जपून पाहतो.

जपून पाहण्याचे दुसरे कारण स्वीडनचे आहे. तिथल्या उमेओ शहरात नॉर्मल दाबाचा काचबिंदू असलेल्या १३ रुग्णांत मेंदूच्या पाण्याचा दाब आडव्या आणि बसलेल्या स्थितीत, दोन्ही प्रकारे तपासला गेला. २०१८ साली त्यांनी जाहीर केले की, निरोगी माणसांच्या तुलनेत काही फरक नाही! रुग्ण थोडे होते, पण मुद्दा महत्त्वाचा आहे. पाठीतले पाणी एरवी रुग्णाला आडवे ठेवून मोजतात. माणूस उभा राहिला की डोक्यातील या पाण्याचा दाब शून्याच्या जवळ किंवा त्याखालीही जातो. आपण दिवसाचे पंधरा-सोळा तास उभे किंवा बसलेले असतो. मग आडव्या स्थितीतल्या एका आकड्यावर कितपत भिस्त ठेवायची?

काही संशोधकांना तर दाबापेक्षा पाण्याचे वाहणे जास्त महत्त्वाचे वाटते. नसेभोवतीची ती अभ्र्यासारखी जागा डोळ्याकडच्या टोकाला बंद आहे. पुढे वाट नसलेल्या बोळात जसे वारे खेळत नाही, तसे तिथे पाणी साचून राहण्याची शक्यता असते. स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी पाठीतून रंगद्रव्य सोडून सी.टी. स्कॅन केले, तेव्हा नॉर्मल दाबाच्या काचबिंदूत ते नसेभोवती नीट पोहोचत नसल्याचे त्यांना दिसले. पाणी फिरले नाही तर टाकाऊ द्रव्ये तिथेच राहणार आणि नसेला ती बाधणार, असा त्यांचा तर्क आहे. मेंदूतील घाण धुऊन नेणाऱ्या पाण्याच्या वाटांचे वर्णन २०१२ साली अमेरिकेत झाले आणि २०२० मध्ये डोळ्यापासून नसेमार्गे जाणारी तशीच वाट उंदरांत दाखवली गेली. काचबिंदू झालेल्या उंदरांत ती बिघडलेली होती. उंदीर आणि माणूस यांत अंतर आहे, हे सांगायला नकोच. यावरून काचबिंदू ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात असते असे कोणी सांगत असेल तर त्याने घाबरून जाऊ नये. त्याबाबतचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

माझे मत असे की, मेंदूच्या पाण्याचा विचार पटण्यासारखा आहे, पण तो अजून सिद्ध व्हायचा आहे. शिवाय हे एकच कारण असणार नाही. नसेचा रक्तपुरवठा, आनुवंशिकता, मोठा उणे नंबर, झोपेत श्वास अडणे, अशा अनेक गोष्टी त्यात आहेत. गुरुजींच्या बाबतीत आणखी एक साधी शक्यता असते. ज्याच्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा जन्मतः पातळ, त्याचा दाब यंत्रावर खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. त्यातून दाब दिवसभरात वरखाली होतो. सकाळी अकराला मोजलेला १६ हा पहाटे चारला १६ च असेल असे नाही.

आणि मेंदूच्या पाण्याचा दाब वाढवून काचबिंदू बरा करण्याचे औषध आज कोणाजवळही नाही. कोणी विकत असेल तर तो फसवतो आहे. आपल्या हातात दोन वाफ्यांपैकी एकच आहे, तो म्हणजे डोळ्याचा. त्यातले पाणी उतरवले की बांधावरचा ताण कमी होतो, मग मुळात दोष कुठल्याही बाजूला असो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नॉर्मल दाबाच्या काचबिंदूचेच रुग्ण घेतले होते. ज्यांचा दाब आणखी ३० टक्क्यांनी उतरवला त्यांच्यापैकी १२ टक्के डोळ्यांत आजार पुढे सरकला, ज्यांना उपचार दिले नाहीत त्यांच्यापैकी ३५ टक्के डोळ्यांत. गुरुजींचे थेंब हेच काम करतात.

या विषयावरून घरगुती प्रयोग सुरू होतात, त्यांचेही सांगतो. डोके खाली पाय वर केले की मेंदूच्या पाण्याचा दाब वाढेल, म्हणून शीर्षासन चांगले, असे एका सुशिक्षित गृहस्थांनी मला ऐकवले. चेन्नईत योगाभ्यासी लोकांवर केलेल्या आणि २००६ साली छापून आलेल्या अभ्यासात शीर्षासनाच्या वेळी डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट झाल्याचे आढळले. योगासनांचा मी पुरस्कर्ता आहे, पण काचबिंदूच्या रुग्णाने शीर्षासन आणि सर्वांगासन टाळावे. तसेच पहाटे उठून तांब्याभर पाणी एका दमात पिण्याची सवय. एकदम लिटरभर पाणी प्यायल्यास डोळ्यातला दाब वाढतो. पूर्वी तर काचबिंदू ओळखायची ती एक चाचणीच होती. पाणी भरपूर प्या, पण थोडे थोडे.

आमच्या व्यवसायबंधूंसाठीही दोन शब्द. रात्री झोपेत रक्तदाब आपोआप उतरतो. त्यात झोपताना रक्तदाबाची गोळी दिली तर काही रुग्णांत तो इतका उतरतो की नसेला रक्त पुरेसे मिळत नाही, आणि खालचा रक्तदाब कमी असणे हे नॉर्मल दाबाच्या काचबिंदूत वाईटच. अशा रुग्णाच्या गोळीची वेळ नेत्रतज्ज्ञाशी बोलून ठरवावी. रुग्णाने मात्र ती मनाने बदलू नये. दुसरे, डोकेदुखी आणि उलट्या घेऊन आलेल्या पन्नाशीच्या बाईला ‘पित्त’ म्हणून इंजेक्शन देण्याआधी तिचे डोळे पाहावेत. डोळा लाल, नजर धूसर, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील तर तो बंद कोनाचा काचबिंदू असू शकतो. त्यात दाब एकाएकी चाळीस-पन्नासवर जातो आणि काही तासांत डोळा जाऊ शकतो. मेंदूच्या पाण्याची चर्चा त्या प्रकाराला लागू नाही. तिथे रुग्णाला त्याच दिवशी गाडीत घालून पाठवायचे.

स्टेरॉइडच्या थेंबांबद्दल तर मी कितीदा लिहिले असेल! उन्हाळ्यात मुलांचे डोळे खाजतात, मेडिकलमधून बाटली आणली जाते, बरे वाटते, मग दरवर्षी तीच बाटली. या मुलांत दाब वाढून कोवळ्या वयात नस निकामी होते. तिथे कारण शोधायला मेंदूपर्यंत जावे लागत नाही, ते खिशातल्या बाटलीत असते.

आता शिबिरांविषयी. गेल्या वर्षी एक शेतकरी माझ्याकडे आले. वय ५८. मोटारसायकल बाजूने येते ती दिसत नाही, बांधावरून चालताना पाय घसरतो, अशी तक्रार. त्यांच्याजवळ तीन वेगवेगळ्या नेत्रशिबिरांच्या चिठ्ठ्या होत्या. एकीवर दाब १५, दुसरीवर १७, तिसरीवर १६. तिन्हींवर ‘नॉर्मल’ असा शेरा. एकीवर ‘मोतीबिंदू पिकू द्या’ असेही लिहिलेले. मी त्यांना तज्ज्ञाकडे पाठवले. एका डोळ्याची नस जवळजवळ संपलेली होती, दुसऱ्याची निम्मी. तीन ठिकाणी त्यांचे डोळे तपासले गेले आणि एकाही ठिकाणी नस पाहिली गेली नाही. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत काचबिंदू सापडलेल्या शंभरातल्या नव्वदांहून अधिक लोकांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हते. या शेतकऱ्यांची गत त्याहून वाईट म्हणायची, कारण तो नाही असे त्यांना लेखी कळवलेले होते.

शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना आणि पुढाऱ्यांना माझी विनंती आहे. फलकावर किती जणांची तपासणी केली हा आकडा थोडा लहान आला तरी चालेल, पण चाळिशीपुढच्या प्रत्येकाच्या चिठ्ठीवर दाबाच्या शेजारी नसेच्या खड्ड्याचे माप लिहिलेले असावे. ते लिहिता येत नसेल तर ‘नॉर्मल’ हा शब्द लिहू नये. ‘नस पाहिलेली नाही’ असे लिहावे, म्हणजे रुग्ण पुढे जाऊन दाखवील तरी. ज्यांच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू आहे त्यांचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. त्यांनी शिबिराची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात जावे आणि ‘दाब बघा’ एवढेच न म्हणता ‘नस बघा’ असे स्पष्ट सांगावे.

गुरुजींनी आणखी एक विचारले होते, थेंब टाकल्यावर घशात कडू का लागते? डोळ्यातून नाकात जाणाऱ्या नळीने औषध खाली उतरते म्हणून. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटे हलके दाबून धरावे. दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. आणि दमा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे, कारण काचबिंदूच्या थेंबांपैकी टिमोलॉल नावाच्या औषधाने दम्याचा जोराचा झटका येऊ शकतो.